दादीचा दालचा आणि आपले ताट

गेल्या वर्षी अम्मीची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी औषधांबरोबर एक छापील कागद दिला. दोन वेळा ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट डाळ, भरपूर पालेभाजी, भात कमी, मैदा बंद, मटण आठवड्यातून एकदा आणि तेही थोडेच. मी तो कागद घरी अम्मीला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "ये तो बहात्तर साल का खाना है रे. अल्लाह ने अच्छे दिन दिखाए, तो फिर वहीच खाऊं?"

मला उत्तर सुचले नाही. मी सोलापूर जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते. तेव्हा आमच्या मुलांनी 'भरडधान्य खा, पृथ्वी वाचवा' अशी सुंदर पोस्टरे उर्दूतून आणि मराठीतून रंगवली होती. पोस्टरे भिंतीवर लावून झाली आणि मधल्या सुट्टीत त्याच मुलांनी डबे उघडले. नूडल्स, बटर, चिप्सची पाकिटे. मी सहज विचारले, "घरी रोज भाकरी कोणाकडे होते?" अडतीस मुलांच्या वर्गात सात हात वर झाले, तेही एकमेकांकडे बघत, अर्धवट. जणू मी घरात फ्रिज नाही असे कोणाचे आहे, हे विचारले होते.

अम्मीचे वाक्य आणि मुलांचे ते अर्धवट हात यांत मला एकच गोष्ट दिसली. जे अन्न शरीराला बरे आणि जमिनीला हलके, असे आज डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सांगतात, ते आपल्याकडे गरिबीचे अन्न म्हणून ओळखले जाते. मग ते नेहमीच तसे होते का? इतिहास शिकवण्याचा अधिकार मला नाही, पण वाचण्याची सवय आहे. जे वाचले आणि घरात ऐकले, ते इथे मांडतो.

बादशहाच्या दस्तरखानावरची खिचडी

मुसलमानांचे जेवण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बिर्याणी आणि कबाब येतात. आपल्याही येतात. पण जुनी पुस्तके उघडली की वेगळेच चित्र दिसते.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि काही वर्षे दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी काझी होता. त्याने इथल्या धान्यांची यादीच दिली आहे. त्यात कोद्रा आहे, मूग आहे, चवळी आहे. 'शामाख' नावाच्या बारीक धान्याबद्दल तो सांगतो की ते अनेकदा न पेरताच उगवते आणि साधू, विरक्त आणि गरीब लोक ते खातात. हा शामाख म्हणजे सावा, आपल्या उपवासाच्या भगरीचा जवळचा नातलग. मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून, वर तूप घालून लोक रोज सकाळी खिचडी खातात, हेही त्याने लिहून ठेवले. पुढे दख्खनमध्ये येऊन त्याने दौलताबाद पाहिले, नंदुरबार पाहिले. नंदुरबारच्या मराठ्यांचे जेवण त्याने भात, भाज्या आणि तिळाचे तेल असे नोंदवले आहे.

अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. शाही स्वयंपाकघरावरच्या भागात त्याने पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत. पहिला वर्ग बिनमांसाचा. त्याला 'सूफियाना' म्हणत. दुसरा मांस आणि धान्य एकत्र शिजवलेला, तिसरा मसाल्यातल्या मांसाचा. म्हणजे बिनमांसाच्या जेवणाला दरबारात नाव होते, मान होता, आणि ते नाव सूफींवरून आलेले होते. बादशहाला मांसाची फारशी ओढ नव्हती आणि ठरावीक दिवशी तो ते खात नसे, असेही अबुल फजल सांगतो. अर्थात याच पुस्तकातल्या खिचडीत तांदूळ, मुगाची डाळ आणि तूप हे तिन्ही सारख्या वजनाचे आहे! हा कागद आमच्या डॉक्टरांनी पाहिला तर ते खुर्चीवरून उठतील. तेव्हा मोगलांचे स्वयंपाकघर आपला आदर्श आहे, असे मी म्हणत नाही.

पण त्याच घराण्यातल्या जहांगीरची एक नोंद मला फार आवडते. १६१७-१८ मध्ये तो गुजरातेत मुक्कामाला होता. तिथल्या लोकांची बाजरीची खिचडी त्याने कधी खाल्ली नव्हती. त्याने ती करून आणायला सांगितली, खाल्ली, आणि ती चवीला बरी असून आपल्याला मानवली, असे आपल्या रोजनिशीत लिहिले. एवढेच नाही, तर ज्या दिवशी मी मांस खात नाही त्या दिवशी ही खिचडी वरचेवर आणत जा, असा हुकूमही सोडला. हिंदुस्थानचा बादशहा बाजरीची खिचडी मागवून खातो आणि ते लिहून ठेवतो. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. माझ्या वर्गातल्या मुलाला मात्र भाकरीचा हात पूर्ण वर करता येत नाही.

जाते, जमीन आणि दालचा

आपले पूर्वज काही दरबारात जेवत नव्हते. दख्खनचा मुसलमान म्हणजे विणकर, पिंजारी, बागवान, शिकलगार, अत्तार, मुलाणी, शेतकरी, शेतमजूर. त्यांच्या ताटाची नोंद फारसी ग्रंथांत फारशी सापडत नाही. पण एक वेगळा पुरावा आहे. विजापूरच्या सूफींनी दख्खनी भाषेत 'चक्कीनामे' रचले. बायकांनी दळताना म्हणायची ही गाणी. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरच्या आपल्या १९७८ च्या पुस्तकात त्यांवर विस्ताराने लिहिले आहे. जात्याचा दांडा म्हणजे अलिफ, अशा रूपकांतून अल्लाहचे नाव दळणाऱ्या बाईच्या ओठांवर आणायचे, अशी ही रचना. शेजारच्या मराठी घरात त्याच पहाटे, तशाच जात्यावर ओव्या म्हटल्या जात होत्या. भाषा थोडी वेगळी, देवाचे नाव वेगळे, पण सोलापूर-विजापूरच्या या पट्ट्यात दोन्ही जात्यांत पडणारे धान्य मुख्यतः एकच होते. ज्वारी, नाहीतर बाजरी.

माझ्या दादांचे गाव मंगळवेढा तालुक्यात. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हेच ते दामाजीपंतांचे गाव. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी बिदरच्या सुलतानाचे धान्यकोठार भुकेल्यांसाठी उघडले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मी ती पहिल्यांदा ऐकली ती दादीच्या तोंडून.

या ज्वारीची रीत समजून घेण्यासारखी आहे. इथली काळी जमीन खोल आणि चिकट. पावसाळाभर ती पाणी पिऊन घेते. पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी पेरतात. पुढे चार महिने जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर पीक उभे राहते. विहीर नाही, मोटार नाही, कालवा नाही. कणसातला दाणा माणसाला, उभा कडबा बैलाला आणि म्हशीला, त्यांचे शेण परत शेताला. उन्हाळ्यात धनगराच्या मेंढ्या रिकाम्या रानात बसवायच्या, लेंडीखत आपोआप मिळते. दाणे पेवात नाहीतर कणगीत ठेवायचे. आज 'शाश्वत शेती' या नावाने जे शिकवतात, त्यातले बरेचसे दादांना नाव न घेता येत होते.

आणि या धान्याबरोबर ताटात काय असायचे? रानातून खुडून आणलेली तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी. शेंगाची चटणी. हुलग्याचे माडगे. तूर, मटकी, हरभरा. आणि शुक्रवारी दालचा.

दालचा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरभऱ्याची डाळ शिजवून घोटायची, त्यात चिंचेचा कोळ, दुधी भोपळ्याच्या मोठ्या फोडी, कढीपत्ता, आणि हाडासकट थोडे मटण. दादी अर्धा किलो मटण आणायची आणि घरात खाणारी माणसे नऊ. हाडासकट माणशी जेमतेम पंचावन्न ग्रॅम यायचे. पण भांडे मोठे असायचे. मटणाची चव डाळीत उतरायची, पोट डाळीने, भोपळ्याने आणि भाकरीने भरायचे. हाच हिशेब अंबाडी-गोश्तमध्ये, मेथी-गोश्तमध्ये, तुरई-गोश्तमध्ये. भाजी ढीगभर, मांस चवीपुरते. मोहरमला मोहल्ल्यात खिचडा व्हायचा. घरोघरच्या धान्याचा, गहू आणि चार-पाच डाळी एकत्र घोटलेला. त्यातही मांस होते, पण देग भरायची ती धान्याने. बकरी ईदला तर जनावराचे काहीच वाया जात नसे. मुंडी, पाया, वजडी, कलेजी यांचा दिवस ठरलेला. गोरगरिबांचा आणि नातलगांचा वाटा काढून जे उरेल ते मीठ-हळद लावून दोरीवर वाळवायचे, महिनाभर पुरायचे.

मांस होते, आवडीने होते, पण ते ताटाचा मालक नव्हते. माझ्या मते आपल्या खाण्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

मग हे सुटले कसे?

इथे मला दादीचे कौतुक थांबवून अम्मीचे ऐकावे लागते. कारण जुने सगळे चांगले होते, असे म्हणणाऱ्याने भूक पाहिलेली नसते. दख्खनचा इतिहास दुष्काळांचाही आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारी कामावरच्या मजुराची मजुरी कापून दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे इथवर आणली गेली होती. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगायला सांगणारे लोक मात्र पोटभर जेवत होते.

१९७२ ला अम्मी बारा वर्षांची होती. नानीबरोबर ती रस्त्याच्या कामावर खडी वाहायला जायची. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. त्यांतली दोन आमच्या घरची. कामावर मिळायची ती सुकडी, आणि रेशनवर लाल मिलो. मिलो ही अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालत. १९५४ च्या पी.एल.-४८० या अमेरिकी कायद्याखाली आपल्याकडे परदेशी धान्य येऊ लागले, तेव्हापासून देशाला अशा धान्याची सवय झाली होती. अम्मी सांगते, "भाकरी थापली की तडकायची. रंग लाल. घास गिळायला पाणी लागायचे, आणि पाणी कुठे होते?"

हे ती मला पहिल्यांदा इतके सविस्तर सांगत होती ते त्या डॉक्टरांच्या कागदामुळे. तेव्हा माझ्या लक्षात आले की तिला नको आहे ती मंगळवेढ्याची मालदांडी नाही. तिला नको आहे तो मिलो, ती रांग, ते खडीचे टोपले. पण 'भाकरी' या एका शब्दात ते सगळे एकत्र भरले गेले आहे. एका अख्ख्या पिढीच्या बाबतीत हेच झाले असावे.

त्यानंतर दिवस पालटले, आणि ते पालटले हे चांगलेच झाले. हरितक्रांतीने देश उपाशी राहण्याच्या भीतीतून बाहेर आला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, सरकारने हमीभावाने गहू आणि तांदूळ खरेदी केला आणि तोच रेशनवर दिला. ज्वारीला ना तसा खरेदीदार मिळाला, ना दुकान. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, आमच्या जिल्ह्यात कालवे आले, आणि जिथे पाणी पोहोचले तिथे ऊस उभा राहिला. शेतकऱ्याचा दोष नाही. उसाला कारखाना होता, ज्वारीला कोण होते? पण याची किंमत मोजावी लागली. राज्यातल्या एकूण पिकाखालच्या जमिनीत चार टक्क्यांहून कमी वाटा असलेला ऊस सिंचनाचे जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च आणि मूल्य आयोगानेच म्हटले होते. दुसऱ्या बाजूला, १९७० च्या सुमारास देशात सुमारे पावणेदोन कोटी हेक्टरवर ज्वारी होती, ती आता चाळीस लाखांच्या आसपास उरली आहे.

घरात हा बदल वेगळ्या रूपात आला. अब्बांना गिरणीत कायम नोकरी लागली तेव्हा आमच्याकडे गव्हाचे पोते आले. आधी चपाती पाहुण्यांसाठी आणि भाकरी घरच्यांसाठी असायची. मग चपाती रोजची झाली. मग पांढराशुभ्र तांदूळ, चहाबरोबर खारी-टोस्ट, दावतीला नान. जाते माळ्यावर गेले. अम्मीचे खांदे सुटले, तिने शुकराना केला. चक्कीनाम्यांवर मी कितीही प्रेमाने लिहिले, तरी पहाटे उठून दळणाऱ्या बाईच्या घामावर ते उभे होते, हे विसरायला नको. जाते परत यावे, असे मी चुकूनही म्हणणार नाही.

मांसाचेही असेच झाले. मटण महागले, कोपऱ्याकोपऱ्यावर ब्रॉयलर कोंबडी आली. २०१५ च्या कायद्यानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या गरीब घरांतले स्वस्त मांस बंद झाले, ती घरेही ब्रॉयलरकडे वळली. आणि कोंबडी डाळीत घालून घोटायची नसते, ती तळायची असते, असे आता मुलांना वाटते. दालच्यातला दुधी हळूहळू कमी झाला, मग डाळही गेली. उरला तो नुसता रस्सा आणि तुकडे.

आजचे शास्त्र काय सांगते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि दहा ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात प्रथिने आठ ग्रॅमच्या आत आणि तंतू तीन ग्रॅमच्याही आत. लोहाच्या बाबतीत ज्वारी तांदळाच्या कितीतरी पुढे, आणि बाजरी ज्वारीच्याही पुढे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. माझी अम्मी त्यांतली एक.

आता जमिनीकडे आणि हवेकडे बघू. जगात माणसामुळे बाहेर पडणाऱ्या उष्णतावाढीच्या वायूंपैकी ढोबळमानाने पाव ते एक-तृतीयांश वाटा अन्नाचा आहे, म्हणजे शेती, जनावरे, वाहतूक, साठवण आणि नासाडी मिळून. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन निघतो, म्हणून मांसाचा आणि दुधाचा भार मोठा. पाणी साठवलेल्या भातखाचरातूनही मिथेन निघतो, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पर्यावरणाचा विषय निघाला की काही मंडळींचे बोट लगेच आपल्या ताटाकडे वळते. मांस खाणारा तो पृथ्वीचा शत्रू, असा सरळ हिशेब. हा हिशेब खोटा आहे. भारतात सरासरी माणूस जे मांस खातो ते श्रीमंत देशांच्या मानाने फारच थोडे. साखर, पॉलिशचा तांदूळ, तूप, पनीर यांचाही भार असतोच, आणि तो मोजताना कोणाचे बोट वळत नाही. माळरानावर, जिथे माणसाच्या उपयोगाचे काही पिकत नाही, तिथे चरलेली शेळी आणि कारखान्यासारख्या गोठ्यात धान्य खाऊन वाढलेले जनावर यांना एका तराजूत तोलता येत नाही.

पण उत्तर देऊन झाले की आपल्या ताटाकडे आपण स्वतः बघायला हवे. २०१९ मध्ये ईट-लॅन्सेट आयोगाने माणसाला आणि पृथ्वीला दोघांनाही मानवेल असे ताट सुचवले. त्यात लाल मांस दिवसाला चौदा ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम. कोंबडी दिवसाला एकोणतीस ग्रॅम. वाळक्या डाळी-कडधान्ये पंचाहत्तर ग्रॅम, भाज्या तीनशे ग्रॅम, आणि धान्य ते अख्खे, कोंडा न काढलेले. मी हे वाचले आणि दादीचे भांडे आठवले. नऊ माणसांत अर्धा किलो. जगभरचे तज्ज्ञ ज्या आकड्याच्या आत राहायला सांगतात, दादी त्याच्या निम्म्यावर होती. तिने ते पृथ्वीसाठी केले नव्हते, पैसे नव्हते म्हणून केले होते. पण त्या टंचाईतून तिने जी पाककला घडवली ती टंचाई संपल्यावर फेकून देण्याचे काही कारण नव्हते.

इस्राफ

आपल्या दीनमध्ये हा विषय नवा नाही. सूरह आराफच्या एकतिसाव्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक आहे आणि त्याच आयतीत उधळपट्टीला मनाई आहे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही हदीस आपल्या मदरशातले लहान मूलही सांगते. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या घरात जवाची रोटी असायची, तेही सर्वांना ठाऊक. मांसाची चटक लागते, तिच्यापासून जपा, असे हजरत उमर यांनी बजावल्याची नोंद इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. हे मांस खाणाऱ्यांनी मांस खाणाऱ्यांना सांगितलेले आहे, हे लक्षात घ्यावे.

आणि आपण काय करतो? गेल्या हिवाळ्यात मी नात्यातल्या एका वलिम्याला गेलो होतो. बिर्याणी, दोन प्रकारचे कबाब, चिकन, दोन गोड पदार्थ. जेवण उत्तम होते. हात धुवायला मागे गेलो तर तिथे उष्ट्या ताटांतली बिर्याणी पिंपात ओतत होते. दोन पिंपे भरली होती, तिसरे अर्धे. दादीचे नऊ माणसांचे अर्धा किलो मटण एकेका ताटात टाकले गेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात शंभर कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेले. लोकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा. त्या पिंपातले तांदूळ पिकवायला पाणी लागले होते, बकरा वाढवायला चारा लागला होता, शिजवायला गॅस लागला होता. आकडे मोठे असतात म्हणून दूरचे वाटतात. पिंप तर माझ्या समोर होते, आणि माझ्याही ताटात थोडे उरले होते.

आमच्या घरी

वाचक विचारतील, मग अम्मीचे काय झाले? तिला मी इब्न बतूता आणि जहांगीर सांगितला. जहांगीरची खिचडी ऐकून ती हसली, म्हणाली, "बादशा को शौक था, हमकू मजबूरी थी." याच्यापुढे माझा इतिहास थांबला.

मग मी गावाकडून मालदांडीचे एक पोते आणले. तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला. भाकरी थापणार कोण? माझी पत्नीही नोकरी करते. 'आपली संस्कृती' म्हणून पुरुषांनी लेख लिहायचे आणि बायकांनी तव्यासमोर उभे राहायचे, हे काही बरोबर नाही. म्हणून मी शिकलो. पहिले पंधरा दिवस माझ्या भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या होत होत्या. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि सांगायची, पाणी गरम घे, पीठ हाताने जास्त मळ, वरच्या बाजूला पाणी फिरव. एक दिवस तिच्याने बघवेना. उठली, मला बाजूला केले आणि स्वतः थापली. ती भाकरी टम्म फुगली. तीच तिने खाल्ली, शेंगाच्या चटणीबरोबर. "ये मिलो नहीं है," एवढेच म्हणाली.

आता आमच्याकडे रात्री भाकरी असते. रोज जमत नाही तेव्हा सोलापुरी कडक भाकरी आणून ठेवतो, तिला ना फ्रिज लागतो ना गॅस. शुक्रवारी दालचा होतो, दुधी भरपूर, मटण दादीच्या हिशेबाने. अम्मीची साखर पूर्वीपेक्षा बरी आहे, पण औषधे चालू आहेत. भाकरीने मधुमेह पळाला, असे खोटे मी लिहिणार नाही.

एक अडचण राहतेच. २०२३ पासून रेशनचा गहू-तांदूळ फुकट आहे आणि चांगली ज्वारी बाजारातून रोख विकत घ्यावी लागते. माझ्यासारख्या पगारदाराला ते जमते. माझ्या वर्गातल्या मजुराच्या मुलाला मी कोणत्या तोंडाने सांगू की फुकटचा तांदूळ सोड आणि ज्वारी घे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातच भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. शेजारच्या कर्नाटकात ज्वारी आणि नाचणी रेशनवर दिली जाते. आपल्याकडे मंगळवेढ्याची ज्वारी मंगळवेढ्याच्याच रेशन दुकानात मिळावी, ही मागणी आपण हिंदू-मुसलमान सगळ्यांनी मिळून करायला हवी. शाळेच्या पोषण आहारातही आठवड्यातून दोन दिवस ती का नसावी?

आणि जे सरकारवर अवलंबून नाही ते आपल्या हातात आहे. पुढच्या महिन्यात माझ्या पुतण्याचा वलिमा आहे. मी भावाला सुचवले आहे: बगारा खाना, दालचा, एक गोड पदार्थ, बस्स. पाहुणे नावे ठेवतील, अशी त्याला भीती आहे. लोक काय म्हणतील, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. अम्मीने मात्र कौल दिला आहे. दालच्याची देग ती स्वतः समोर बसून करवून घेणार आहे.